गालाच्या कॅन्सरचं प्लॅनिंग करताना मी जिथे अडकले

डिपआरपी (रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा) करून नुकतेच इंटर्नशिपला लागलेल्यांसाठी लिहितेय, विषय रेडिएशनच्या प्लॅनिंगचा. जीटीव्ही (दिसणारी गाठ), सीटीव्ही (त्याभोवती रोग असू शकतो तो भाग), पीटीव्ही (त्याला हालचालीसाठी सोडलेली जागा धरून) येतं असं धरून चालते.

माझी पहिली अवघड केस गालाच्या कॅन्सरची. आपल्याकडे तंबाखूमुळे असे पेशंट सतत येतात. 30 फ्रॅक्शनमध्ये (म्हणजे 30 वेळा विभागून) 66 ग्रे डोस, कॉर्ड (मज्जारज्जू) 45 ग्रेच्या आत, पलीकडच्या पॅरोटिडचा (लाळग्रंथीचा) मीन डोस 26 ग्रेच्या खाली, हे सगळं जमलं पण पीटीव्हीचं कव्हरेज काही केल्या येईना. मग मी ऑप्टिमायझरमध्ये (प्लॅन काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पीटीव्हीची प्रायॉरिटी वाढवत गेले, परत ऑप्टिमाइझ, परत वाढवली, असे तीन दिवस गेले आणि शेवटी डीव्हीएच (किती भागाला किती डोस जातो त्याचा आलेख) एकदम छान आला. सरांनी तो बघितलाच नाही. एकेक स्लाइस स्क्रोल करत गेले आणि गालाच्या कडेला थांबले, तिथे ठरलेल्या डोसच्या 112 टक्क्यांचा लाल पट्टा होता.

झालं काय होतं, तर माझा पीटीव्ही कातडीपर्यंत गेला होता, दोन-तीन स्लाइसवर तर चक्क बाहेर हवेत. 6 एमव्हीचा बीम कातडीवर पूर्ण डोस देतच नाही, त्याचा कमाल डोस साधारण दीड सेंटीमीटर आत असतो, पण ऑप्टिमायझरला त्याचं काय, तुम्ही मागताय म्हणून तो त्या कडेला फ्लुएन्स (बीमचा मारा) ओतत राहतो. गाल सुजला किंवा पेशंट जरासा सरकला की तोच फ्लुएन्स कातडीवर, मांसावर येतो. म्हणून आधी पीटीव्ही कातडीपासून 3 ते 5 मिमी आत कापून घ्या. कातडीतच रोग असेल तर मात्र अजिबात कापायचा नाही, तिथे बोलस (कातडीवर ठेवायचा मांसासारखा थर) लागतो आणि तो डॉक्टरांशी बोलून सीटीच्या आधीच ठरवायचा. लक्षात ठेवा, डीव्हीएच किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

सिनियरचं टेम्प्लेट उचलून प्लॅन करायची सवय मला तरी पटत नाही, निदान पहिले वीस प्लॅन कोऱ्या पानावरून करा. आणि मास्क रूममधल्या (पेशंटचं डोकं स्थिर धरणारा मास्क बनवतात तिथल्या) टेक्नॉलॉजिस्टजवळ बसा, मला तिथे जेवढं कळलं तेवढं कुठल्याच लेक्चरला कळलं नाही.

वेळ लागतो म्हणून रडू नका, मी रडलेय. पहिला प्लॅन रिजेक्ट होतोच, दुसराही होईल, हात बसतो हळूहळू.

प्लॅन पास झाला तरी फाइल मिटवू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळता येत नाही म्हणून पेशंट वाळतो, मास्कमध्ये गालाशी बोट जायला लागतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, नवा सीटी घ्यायला लावा.