अर्ध्या नत्रावर ऊस येतो का? आपल्याच फडात चाचणी घ्यायची रीत

उसाच्या बेण्याला अ‍ॅसिटोबॅक्टर लावलं की नत्र निम्म्यावर आणता येतं, ही शिफारस कोल्हापूर भागात पुष्कळांच्या कानावर आहे. हा हवेतलं नत्र स्थिर करणारा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमधल्या उसाच्या मुळांत आणि खोडांत सापडला. आडसालीला (जुलै-ऑगस्टमधल्या लागणीला) हेक्टरी ४०० किलो म्हणजे एकरी १६० किलो नत्र धरलं, तर युरिया लागतो ३५० किलोच्या आसपास. निम्मा वाचला तर ४५ किलोची जवळपास चार पोती झाली.

पडताळायला लोक काय करतात? अर्ध्या रानाला पूर्ण नत्र, उरलेल्याला जिवाणू आणि अर्धं नत्र. टनेज सारखं आलं की श्रेय जिवाणूला. पण वर्षानुवर्षं जादा युरिया आणि कारखान्याच्या मळीचं खत खाल्लेल्या रानात नुसत्या अर्ध्या नत्रावरही तेवढाच ऊस आला असता, तर? ते कळायला तिसरा पट्टा हवा: अर्धं नत्र, जिवाणू नाही. सगळी चाचणी या पट्ट्यावर उभी आहे आणि नेमका तोच कुणी ठेवत नाही.

रान

२९ गुंठ्यांच्या आसपास, एकसारख्या मातीचं रान घ्या. नदीकाठची गाळाची जमीन आणि वरचा माळ एका चाचणीत नको. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात जिथं पाणी तुंबलं ते शेत टाळा. शिरोळकडच्या रानांत एखाद्या कोपऱ्यात पांढरा थर दिसत असेल तर तो कोपरा बाहेर ठेवा, क्षाराचा फरक खताच्या फरकाला गिळून टाकतो. गेल्या हंगामात हुमणीनं (मुळं खाणाऱ्या अळीनं) ऊस वाळवलेली जागाही नको.

आखणी

पाच फुटी सरी, एका पट्ट्यात चार सऱ्या, मोजायची लांबी १०९ फूट. हा आकडा मुद्दाम घेतला आहे: मधल्या दोन सऱ्यांचं क्षेत्र १० गुणिले १०९, म्हणजे १,०९० चौरस फूट होतं, आणि एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. वजन फक्त या दोन सऱ्यांचं करायचं. कडेच्या सऱ्यांची मुळं शेजारच्या पट्ट्यातलं खत खातात, म्हणून त्या मोजणीत नाहीत. दोन्ही टोकांना पाच-सहा फूट जास्तीचे ठेवून खुंट्या ठोका, आणि चाचणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सऱ्या नुसत्या उसाच्या ठेवा. बांधाकडच्या उसाला ऊन जास्त मिळतं, तो नेहमीच जाड दिसतो.

तीन पट्ट्यांचा एक गट, असे चार गट, एकूण १२ पट्टे. प्रत्येक गटात कुठला पट्टा कुठं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मनानं ठरवलं की चांगली जागा आवडत्या पट्ट्याला जाते. नकाशा वहीत काढा, खुंटीवर फक्त नंबर घाला.

लागणीआधी चारही गटांतले मातीचे नमुने वेगवेगळे काढून सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध नत्र तपासून घ्या.

बेणं आणि लागण

एकाच बेणेमळ्यातलं ९ ते ११ महिन्यांचं फुले २६५ जातीचं बेणं घ्या. को ८६०३२ ही जात असेल तर आडसालीची नत्राची शिफारस हेक्टरी ५०० किलो आहे, तेव्हा खाली दिलेले युरियाचे आकडे सव्वापट करा. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या (उसाचे तुकडे), १०९ फुटांच्या सरीला १२५. बुरशीनाशकाची प्रक्रिया सगळ्यांना सारखी. ती निथळून वाळल्यावरच जिवाणू. दोन्ही एका टाकीत घातले तर जिवाणू मरतात.

जिवाणूचं प्रमाण हेक्टरी १० किलो, १०० लिटर पाण्यात, ३० मिनिटं बुडवण. चार पट्ट्यांना साधारण ८०० ग्रॅम लागेल. टोपल्या आळीपाळीनं बुडवा, द्रावण कमी पडलं तर त्याच प्रमाणात आणखी करा. बाकीच्या टिपऱ्याही तेवढाच वेळ साध्या पाण्यात ठेवा, नाहीतर भिजवण्यामुळं झालेली उगवण जिवाणूच्या नावावर जाईल. आधी बिनजिवाणूचे पट्टे लावून संपवा, कारण हाताला आणि टोपलीला लागलेला जिवाणू सगळीकडे फिरतो. स्फुरद विरघळवणारा जिवाणू या खेपेला नको, एका वेळी एकच प्रश्न.

खत

१०९ फुटांच्या एका सरीला हंगामभरात पूर्ण नत्राचा युरिया ४.४ किलो, अर्ध्याचा २.२ किलो. टोकांचा जादा भाग धरून सरी १२० फुटांची भरली तर ४.८ आणि २.४. हप्ते चार: लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (उसाला माती लावताना) ४०. स्फुरद-पालाश सगळ्यांना सारखं, निम्मं लागणीला आणि निम्मं बांधणीला. पण सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधूनच. डीएपीत १८ टक्के नत्र असतं. ते घातलं की ‘अर्धं नत्र’ अर्धं राहत नाही.

प्रत्येक सरीचा युरिया घरीच तोलून पिशवीवर नंबर टाका. बांधावर मुठीनं अंदाज घेतला तर चाचणी तिथंच संपली. एक हप्ता सगळ्या पट्ट्यांना एकाच दिवशी. पाटपाणी प्रत्येक सरीला स्वतंत्र द्या. एका सरीतून दुसरीत फिरवलं तर युरिया आणि जिवाणू दोन्ही शेजारी जातात.

नोंदी आणि तोड

४५ दिवसांनी उगवण, १२० दिवसांनी फुटवे, तोडीआधी गाळपालायक ऊस मोजा. हिरवेपणावर भरवसा नको, जादा नत्राचा ऊस गडद दिसतो आणि लोळतोही लवकर. ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) बघायचं तर प्रत्येक पट्ट्यातल्या दहा उसांचा मधल्या कांडीतला रस घ्या.

तोडीच्या वेळी मोजायचा गुंठा आधी तोडायचा, हे टोळीच्या मुकादमाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. कारखान्याच्या काट्यावर पट्टे वेगळे राहणार नाहीत. लटकत्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोळ्या शेतातच तोला, वाढं (शेंड्याचा पाला) काढून आणि त्याच दिवशी, कारण तोडलेला ऊस वाळून हलका होतो. गुंठ्याला टन-सव्वा टन वजन भरतं, तेव्हा १२ गुंठ्यांना दिवस पुरणार नाही. अशा वेळी एक गट पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

वाचायचं कसं

गुंठ्यामागं २५ किलोचा फरक म्हणजे एकरी एक टन. प्रत्येक गटातले फरक वेगळे काढा. समजा एका गटात पूर्ण नत्र १,३००, नुसतं अर्धं १,२१० आणि अर्धं अधिक जिवाणू १,२९० किलो भरलं. जिवाणूमुळं ८० किलो, म्हणजे एकरी ३.२ टन वाढले. हेच चारही गटांत दिसलं तर धरून चाला. जिवाणूचा काहीच परिणाम नसताना चारही फरक त्याच्याच बाजूनं पडण्याची शक्यता १६ त १ असते. दोन गटांत पुढं, दोन गटांत मागं असेल तर फरक मातीचा. आणि तिन्ही सारखेच आले तर जिवाणूही नको आणि वरचा निम्मा युरियाही नको, पण एवढ्यात हात आखडू नका.

खोडव्यासाठी (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकासाठी) खुंट्या तशाच ठेवा. त्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, पट्टे तेच, निम्म्या-पूर्णाचं प्रमाण तेच. जमिनीतल्या शिलकीवर लागणीचं पीक निभावलं असेल, तर नुसत्या अर्ध्या नत्राचा पट्टा खोडव्यात मागं पडायला लागतो.