पित्तावर आमसूल: निवडायचं कसं, वापरायचं कसं

पित्तासाठी म्हणून कोकम सरबताची बाटली आणणार असाल तर राहू द्या. त्यात कोकमापेक्षा साखरच जास्त. लालबागला मसाल्याच्या दुकानांत किंवा दादरला कोकणमेवा मिळतो तिथे जा आणि सुटं आमसूल, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, मागा. काळपट जांभळं, बोटाला मऊ लागणारं घ्या. कडक, लालसर, वर मिठाचा पांढरा थर दिसला की मी तरी पुढच्या दुकानात जाते. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या पिकल्या फळाची, सालं त्याच्याच रसात पुनःपुन्हा बुडवून वाळवली की तो काळपट जांभळा रंग चढतो. एकदाच मीठ लावून वाळवलेल्याला तो येत नाही.

आयुर्वेदात कोकमाला वृक्षाम्ल म्हणतात. कच्चं फळ आंबट, उष्ण, वात शमवणारं पण कफ-पित्त वाढवणारं. पिकलेलं मात्र रुची आणणारं, भूक वाढवणारं, ग्राही म्हणजे मल बांधून ठेवणारं. म्हणून आमसूल पिकल्या फळाचंच हवं.

अंगावर पित्त उठलं की पाच-सहा आमसुलं धुऊन वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा. थोडं पाणी कापसाने गांधींवर लावा, उरलेल्यात जिरेपूड आणि चिमूटभर साखर घालून प्या. आमच्या चाळीत शेजारीपाजारी हेच करतात, खाज लवकर निवते. पण ओठ-डोळे सुजले किंवा श्वास अडखळला, तर कोकम बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. रक्तदाबाचा त्रास असेल तर आमसूल दोनदा धुवा, मीठ बरंच असतं.

जेवणावर सोलकढी. नारळाचं दूध काढा, त्यात आमसुलाचं पाणी किंवा आगळ (रातांब्याचा मीठ घालून ठेवलेला रस), ठेचलेली लसूण, मिरची, कोथिंबीर. आगळ खारट असतं, तेव्हा मीठ चाखूनच. कढी म्हटलं तरी गॅसवर चढवायची नाही, दूध फाटतं. आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नका, कळकतं.

बियांचं तेल म्हणजे मुठेल. घट्ट गोळा असतो. चमच्यात जरा पातळ करून रात्री धुतलेल्या टाचांच्या भेगांत भरा, वर मोजे घाला.

साठवायला काचेची किंवा चिनी मातीची बरणी. पावसाळ्यात मिठामुळे आमसुलाला पाणी सुटतं, म्हणून मेअखेर ताटात पसरून दोन कडक उन्हं द्यायची, गार झाल्यावरच झाकण लावायचं.