जुनी रीलोडिंग प्रेस वापरायला काढण्याआधी

अमेरिकेत 1960-70 च्या दशकातली ओतीव लोखंडाची, वापरलेलं काडतूस पुन्हा भरायची प्रेस गराज सेलमध्ये अजूनही मिळते. जरूर घ्या, पण लगेच रंगवू नका, रंगाखाली तडा लपतो. बंदुकीची दारू आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसताच पेटणारी टोपी) दूर ठेवून सांगाड्याला रॉकेल चोळा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळपट रेघ उमटते. तशी प्रेस शोभेलाच ठेवा.

रॅमवरचा (काडतूस वर ढकलणाऱ्या दांड्यावरचा) करडा, खरखरीत थर म्हणजे उडालेल्या प्रायमरची काजळी. तिने रॅम झिजतो, आणि तिच्यात बहुधा शिसं असतं. हवेच्या झोताने ती कधीच उडवू नका! हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं टाकून द्या. हे काम जेवणाच्या टेबलावर नकोच, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

मग रॅमला हलक्या तेलाचा एकच थेंब द्या. जास्त झालं आणि प्रायमरपर्यंत ओघळलं, तर प्रायमर निकामी होऊ शकतो.

डाय (प्रेसच्या माथ्यात आट्यांनी बसणारा, काडतुसाला आकार देणारा साचा) घेताना आटे मोजा: आज सर्रास चालणारं माप 7/8 इंच, दर इंचाला 14 आटे. काही जुन्या प्रेसना ते बसत नाही.