पावसाआधी कोठीघर भरताना

आमच्याकडे बडोद्यात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, म्हणून वर्षाचं भरायचं ते मेअखेर भरून झालेलं बरं. सुरुवात गव्हापासून करा. हाथीखान्याच्या धान्यबाजारात पोत्याचा भाव विचारण्याआधी मूठभर गहू हातात घ्या, एक दाणा दाढेखाली धरा. कट्‌कन फुटला तर कोरडा. नुसता चेपला तर पुढच्या दुकानात जा. पोळीला लोक-1 जातीचा गहू घ्या, लापशी आणि लाडवाच्या रव्याला भालिया.

घरी आणल्यावर चाळून, निवडून गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्या आणि मग रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. एका वर्षी घाईघाईत मी उन्हातून उचललेला गरम गहू तसाच पिंपात ओतला. आतल्या आत त्याला घाम सुटला. श्रावणात झाकण काढलं तर वरच्या थराचे गठ्ठे झालेले, कुबट वास. अर्धं पिंप टाकावं लागलं. अन्न टाकताना जीव फार कळवळतो हो.

गार गव्हाला एरंडेल लावायचं. इथले दुकानदार दिवेल म्हणतात, तसंच मागा. 20 किलोला 100 ते 150 ग्रॅम पुरतं. किंचित कोमट करून, थोडे थोडे दाणे घेऊन दोन्ही तळव्यांत चोळा. दाणे चकाकले पाहिजेत, पण खाली परातीत तेल दिसता कामा नये. तूरडाळीलाही असंच, जरा बेतानं. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर मात्र कोणी कितीही सुचवलं तरी धान्यात घालू नका. ते धान्य लेकरांच्या पोटात जायचं असतं.

रवा कोरडा भाजून, गार करून भरा, म्हणजे जाळी धरत नाही. बेसन, मैदा, दाण्याचं कूट फ्रीजमध्ये. तिखटाच्या बरणीत खडा हिंग. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, नाहीतर बटाट्यांना लवकर कोंब येतात.

राजापुरी कैरीचं लोणचं घातलं असेल तर फोडी तेलात पूर्ण बुडालेल्या हव्यात. तेल कमी वाटलं तर कडकडीत तापवून, पार गार करून वरून ओता.

पावसात मुलं नानकटाई मागतात. त्यासाठी बेकिंग पावडर आत्ताच तपासून ठेवा: अर्धा चमचा गरम पाण्यात टाकली की लगेच फसफसली पाहिजे. नाही फसफसली तर नवा डबा आणा आणि त्यात ओला चमचा कधी घालू नका.

पाऊस लागला की दर पंधरा दिवसांनी पिंपात कोपरापर्यंत हात घाला. गहू गार लागला तर झाकण लावा. आत ऊब लागली तर कीड पडलेली असू शकते; त्याच दिवशी सगळा गहू बाहेर काढून चाळा.