भेदरलेलं कुत्रं जवळ करायचं असेल तर आधी फाटक बघा

गेल्या पावसाळ्यात माझ्या घाईमुळं एका कुत्रीचा पाय कापला. तेरा दिवस ती रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला बेळगावात अनगोळला आमच्या फाटकाशी यायची, दहाव्या दिवसापासनं आत येऊन खायला लागली, आणि तेराव्या दिवशी मला वाटलं झालं, आता ही आपलीच, म्हणून तिचं तोंड ताटलीत असताना मी मागनं जाऊन फाटकाची कडी लावली. कडी वाजली तशी तिनं मान वर केली, फाटक बंद बघितलं, आणि मग फाटकाला धडक, तुळशीकट्ट्यावर उडी, तिथनं मागच्या भिंतीवर, जिच्यावर आम्हीच चोरांसाठी काचा बसवलेल्या. बोळात पार मोठ्या रस्त्यापर्यंत रक्ताचे ठिपके होते. महिन्याभरानं तिसऱ्या रेल्वे गेटपाशी दिसली, पुढचा पाय उचलून चालत होती. मी हाक मारली तर मला बघून पळाली.

आता दसऱ्यापासनं दुसरं एक यायला लागलंय, काळं-पांढरं, शेपूट पोटाखाली घातलेलं, आणि या खेपेला मी आधी यादी केली. तुमच्या दारात असं कुत्रं येत असेल तर वाचा, आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर फाटकाचं तेवढं वाचा.

पहिलं रेबीजचं. तुम्ही रोज अनोळखी कुत्र्याजवळ बसणार असाल तर आधीच डॉक्टरांना विचारून लस घेऊन ठेवा, पहिल्या दिवशी, त्यानंतर सात दिवसांनी आणि मग पहिल्या सुईपासनं एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी, अशा तीन सुया. नंतर कधी दात लागलाच तर मग दोनच घ्याव्या लागतात. लस घेतलेली असो नाहीतर नसो, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. नुसतं नख लागून रक्त आलं तरी जायचं. जे कुत्रं झोकांड्या खातंय, लाळ गाळतंय, ज्याला पाणी गिळता येत नाही, दिसेल त्याला चावत सुटलंय, त्याच्या जवळ जायचंच नाही, तिथं विश्वास-बिश्वास काही नाही, लांबनं कार्पोरेशनला फोन करायचा.

मग कुत्रं कुठलं ते बघा. कानाला खाच असली तर नसबंदी आणि लस झालेलं आहे. गळ्यात पट्टा असला तर कुणाचं तरी चुकलेलं असंल, गल्लीत विचारा. कुत्री असली आणि थानं लोंबत असली तर पिल्लं जवळपास असतील, पिल्लं शोधत जाऊ नका, ती तुम्हाला फाडंल आणि तिचं काही चुकणार नाही.

खायला घालायची जागा आपल्या कंपाउंडातली धरा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं रस्त्यावर कुठंही खायला घालू नका, वॉर्डात ठरवून दिलेल्या जागीच घाला असं सांगितलंय, आणि तसंही रस्त्यावर घातलं की दुसरी चार कुत्री येतात, भांडणं होतात, भित्रं तेवढं उपाशी राहतंय.

आता फाटक. जागा ठरवल्या ठरवल्या, खायचं काय ते ठरवायच्याही आधी, तिथं कुत्र्याच्या उंचीला बसून बघा की त्याला पळायला वाट कुठनं आहे. मी हे केलंच नव्हतं. फाटक उघडं ठेवायचं, नुसतं उघडं ठेवून चालत नाही, आपल्याकडचा वारा माहीत आहे, धाडकन बंद होतंय, म्हणून खाली दगड लावायचा. स्कूटर वाटेत लावायची नाही. ताटली फाटकापासनं दोन पावलांवर ठेवायची, पहिल्याच दिवशी परसात नेऊन ठेवायची नाही. आणि तुम्ही स्वतः फाटक आणि कुत्रं यांच्या मधे कधीही यायचं नाही, बिस्किट पडलं म्हणून नाही, फोटो काढायला नाही. ताटलीच्या पलीकडं, घराच्या बाजूला बसायचं, म्हणजे त्याला मान फिरवली की रस्ता दिसतोय. भेदरलेलं जनावर सारखा एकच हिशेब करत असतंय, पळायला जमंल का. जमतंय म्हटल्यावर ते थांबतंय. वाट बंद झाली की त्याच्याकडं चावणं नाहीतर भिंतीवर चढणं एवढंच उरतंय. भिंतीवरच्या काचा मी मागच्या वर्षीच काढून टाकल्या, कुत्री गेल्यावर.

घरच्यांना सांगायचं. आईला, पोरांना, दूधवाल्याला, सातला कोण फाटकातनं आत येणार असंल त्याला. आमची धाकटी क्लासवरनं बरोबर त्याच वेळी यायची, आता ती पंधरा मिनिटं बाहेरच्या कट्ट्यावर थांबतीय. का? कारण फाटकातनं माणूस आत आला की कुत्र्याची वाट बंद झाली. तेच परत.

शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, त्यांनी एकदा भिंतीवरनं 'बा, बा' म्हटलं तर कान टवकारले त्यानं, माझ्या 'ये ये'ला तीन आठवडे हललं नव्हतं. म्हणजे आधी कुठल्यातरी कन्नड घरातलं असावं. तेव्हा दोन्ही भाषा वापरून बघा, आपल्याकडं ती सोय आहे. आवाज बारीक ठेवा, आणि शब्द एकच धरा.

खाणं. भात-चपातीवर भित्रं कुत्रं पाच फूट पुढं येत नाही, वासाचं पाहिजे. चिकनवाल्याकडनं कलेजी आणायची, नुसत्या पाण्यात उकडायची, नखाएवढे तुकडे करायचे. कांदा-लसूण घातलेलं काही नको, ते कुत्र्याच्या रक्ताला बाधतंय, म्हणजे रस्सा नकोच. शिजवलेली हाडं नकोत, चिरफाळ्या होऊन आतडं फाटतंय. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे नकोत. कुंदा प्रेमानं देतात लोक, तो पण नको, खव्या-साखरेनं हगवण लागती आणि हगवण लागलेलं कुत्रं दोन दिवस येत नाही. पाण्याचं भांडं जड घ्या, मातीचं किंवा दगडी, कारण स्टीलचं वाजतंय.

बसायचं कसं हे सांगायला सोपं आहे आणि करायला लई जड. जमिनीवर, एका बाजूला तोंड करून, डोळ्यात न बघता. टक लावून बघणं म्हणजे त्याच्या हिशेबी धमकी. हात मांडीवर. फोन बंद, निदान आवाज तरी. वेळ रोज तीच, कपडे जमलं तर तेच, मी जुनं स्वेटर ठेवलंय त्यासाठी, धुवत पण नाही. पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि त्याच्या आधी आपण उठायचं नाही, उठायचंच झालं तर हळू आणि घराकडं. आठ-आठ दिवस काहीच घडत नाही, हे धरूनच चाला. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं ते तीन महिन्यांचं असतंय तेवढ्यात त्याला माणूस पटकन ओळखीचा होतोय, त्या वयात ज्याला नुसते दगडच मिळाले त्याला नंतर महिने लागतात, तुम्ही कितीही चांगले असलात तरी.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. तुकडा तुमच्याकडं टाकायचा नाही, कुत्र्याच्या मागं टाकायचा, फाटकाच्या दिशेला. खुळ्यासारखं वाटतंय, जवळ आणायचंय आणि लांब टाकतोय. पण जवळ ओढत आणलं की ते कलेजीच्या लोभानं येतंय आणि आल्यावर दचकतंय, आपण एवढं जवळ कसं आलो म्हणून. मागं टाकला की खातंय, सुटल्यासारखं होतंय, आणि स्वतःच्या पायानं परत येतंय. मागच्या खेपेला मी ताटली रोज एक-एक फूट आत सरकवत होतो. त्याला मी प्रगती समजत होतो आणि ती बिचारी दर फुटाला फाटकापासनं लांब जात होती.

झोप नसताना जांभई, सारखी नाकावरनं जीभ, तोंड फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, हे सगळं 'थांब' म्हणणं आहे. एकदम ताठ होऊन गप्प राहिलं तर हलू नका, चावण्याच्या अलीकडची पायरी आहे ती. शेपूट हलतीय म्हणजे खुश असं धरू नका. गुरगुरलं तर रागवू नका, सांगतंय तोवर बरं आहे.

कॅलेंडर बघून ठेवा. दिवाळीत आमचं चार दिवस आलंच नाही, नंतर एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाचा डीजे, परत दोन दिवस गायब, आणि आलं ते पहिल्या दिवसासारखं, रस्त्याच्या पलीकडंच उभं. एकदा भ्यालं की त्याचं अंग निवायला दिवस लागतात, त्यात दुसरी भीती पडली की साठत जातंय. गणपती, शिवजयंतीची चित्ररथाची मिरवणूक, लग्नाच्या वराती, सगळं धरून चाला. परत मागनं सुरू करायचं, चिडायचं नाही. आणि त्या दिवसांत तर फाटक सताड उघडं पाहिजे, आत असताना बाहेर फटाका वाजला आणि फाटक बंद असलं तर काय होतंय ते मी वर सांगितलंय.

हात लावणं: ते येऊन हुंगल्याशिवाय नाही. डोक्यावरनं हात नेऊ नका, हनुवटीखाली किंवा छातीला, तीन सेकंद, मग हात काढा. परत जवळ आलं तर परत. नाही आलं तर उद्या. खाताना कधीच नाही.

आता कडी. कधीतरी फाटक लावावंच लागणार, पण ते पण त्याला शिकवून. आधी बिजागऱ्यांना आणि कडीला तेल घाला, आवाज गेला पाहिजे. मग ते आत असताना घरातल्या दुसऱ्यानं फाटक वीतभर लोटायचं आणि परत उघडायचं, तेवढंच. चार दिवस वीतभर, मग हातभर. मान वर करून फाटकाकडं बघितलं की उघडायचं, लगेच. आमचं आता अर्ध्यावर आलंय. पूर्ण बंद एका सेकंदासाठी, मग पाच, मग अर्धा मिनिट, आणि दर खेपेला परत उघडायचं. एकदा आत घेऊन कडी लावून मोकळं व्हायचं हा विचार डोक्यातनं काढा, हात जोडून सांगतो.

पुढचं पटापट. पट्टा नुसता गळ्यातला नको, मागं सरकून डोकं काढून घेतंय, छातीचा पट्टा आणि गळ्याचा असे दोन, दोन दोऱ्या. घालायच्या आधी आठवडाभर ताटलीजवळ नुसते पडू द्या. जनावरांच्या दवाखान्यात आधी एकटं जाऊन बोलून या, गर्दी नसंल ती वेळ घ्या. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडांचं बघणं, नसबंदी. रिक्षावाल्याला आधी सांगा. अंघोळ महिनाभर नको. आणि दवाखान्यातनं परत आणल्यावर त्या संध्याकाळी सातला ताटली तिथंच, फाटकाशी, दगड लावून.