थंडरबर्ड तेच, मेल कंपनी नवी: जुनी पत्रं न गमावता खातं कसं हलवावं

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला मेल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर नेल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या पाठोपाठ बऱ्याच जणांनी झोहोवर पत्ते काढले. नवा पत्ता काढणं सोपं आहे, त्याला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. अडतं ते ज्यांचा मेल कंप्युटरवर थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये येतो आणि फोल्डरांत वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठलेला असतो, त्यांचं. प्रोग्रॅम बदलायचा नाही, मागची मेल कंपनी तेवढी बदलायची आहे. ते कसं करायचं ते जीमेलवरून झोहोवर जाण्याचं उदाहरण धरून सांगतो. तुमच्या कंपन्या वेगळ्या असल्या तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते ऐका. थंडरबर्डमध्ये जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचं नाव खोडायचं आणि तिथेच नव्या कंपनीचं नाव टाकायचं, हा मार्ग सगळ्यांना सुचतो, आणि जुनी पत्रं हरवतात ती बहुतेक इथेच. आयमॅप पद्धतीच्या खात्यात तुमच्या पडद्यावर दिसतं ते सर्व्हरवर जे आहे त्याचं प्रतिबिंब असतं. नाव बदललंत की थंडरबर्ड नव्या सर्व्हरकडे पाहतो, तो रिकामा असतो, आणि मग कंप्युटरवरची प्रतही त्याच्याशी जुळवून घेतली जाते. म्हणून जुनं खातं आहे तसं राहू द्या, त्याच्या शेजारी नवं उभं करा, मेल इकडून तिकडे कॉपी करा, आणि जुनं काढायचा विचार अगदी शेवटी.

पत्ता घेण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली, नव्या योजनेत आयमॅप मिळतं का. स्वतःच्या डोमेनसाठी (म्हणजे ॲट चिन्हानंतर तुमचं स्वतःचं नाव असलेल्या पत्त्यासाठी) झोहोची जी मोफत योजना आहे तिच्यात ते नाही. मेल ब्राउझरमध्ये आणि त्यांच्या ॲपमध्ये दिसेल, थंडरबर्डमध्ये येणार नाही. इतर कंपन्यांच्या फुकट खात्यांवरही अशा अटी असतात, तेव्हा योजनेच्या माहितीत आयमॅप हा शब्द शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी, जागा. जीमेल १५ जीबी देतं, पण ती ड्राइव्ह आणि फोटोंमध्ये वाटलेली असते, त्यामुळे निव्वळ मेल किती ते वेगळं पाहावं लागतं. तो आकडा नव्या योजनेतल्या जागेपेक्षा मोठा असेल तर आधी साफसफाई, नाहीतर कॉपी अर्ध्यावर अडकते.

जुनं खातं कोणत्या पद्धतीचं आहे तेही आत्ताच बघून ठेवा. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’वर गेलात की वरच लिहिलेलं असतं: आयमॅप किंवा पॉप. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्याच कंप्युटरवर आलेला असतो आणि कदाचित दुसरीकडे कुठेच नसतो. अशा वेळी पुढच्या परिच्छेदातली प्रत काढल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

प्रत काढणं

थंडरबर्ड आपला सगळा संसार प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो: मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड, सगळं. ‘हेल्प’ मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडण्याचं बटण आहे. फोल्डर सापडलं की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि ते अख्खं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ‘टूल्स’मध्ये एक्स्पोर्टची सोयही आहे, पण ती २ जीबीपर्यंतच चालते. जुन्या माणसांचे मेलबॉक्स त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात.

आयमॅप खात्याबाबत आणखी एक गोष्ट. पत्रांची फक्त शीर्षकं कंप्युटरवर आणि मजकूर सर्व्हरवर, असंही असू शकतं. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये सगळ्या फोल्डरांतले मेल या कंप्युटरवर ठेवण्याच्या पर्यायावर टिक आहे ना ते पाहा आणि सगळं उतरू द्या. त्यानंतर काढलेली प्रत खरी. जीमेलवाल्यांनी शिवाय गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घेण्याची गूगलची सोय) मेलची एक प्रत मागवून ठेवावी. ती एमबॉक्स फाइल म्हणून, म्हणजे सगळी पत्रं एकत्र बांधलेल्या फाइलच्या रूपात, मिळते आणि थंडरबर्डच्या भानगडीत काही बिघडलं तरी ती सुरक्षित राहते.

नवं खातं जोडणं

आधी झोहोच्या वेबसाइटवर लॉगिन करून मेलच्या सेटिंग्जमध्ये आयमॅप ॲक्सेस सुरू करा. तो आपोआप सुरू असेल असं धरून चालू नका. दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल (आणि ती असावीच) तर थंडरबर्डला तुमचा नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करावा लागतो. तो एकदाच दिसतो, तेव्हा खिडकी बंद करायच्या आधी थंडरबर्डमध्ये चिकटवा.

आता थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट ॲक्शन्स’खाली ‘ॲड मेल अकाउंट’. नाव, पूर्ण पत्ता, पासवर्ड दिलात की बहुतेक वेळा बाकीचं तो स्वतः शोधतो. नाही सापडलं तर हाताने भरा: येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस, जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. यूजरनेममध्ये ॲट चिन्हासकट अख्खा पत्ता लिहा.

झोहोच्या बाबतीत इथे एक खाच आहे. भारतात उघडलेलं खातं त्यांच्या भारतातल्या डेटा सेंटरवर असतं, म्हणून सर्व्हरच्या नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ लागतं. इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांत ‘डॉट कॉम’ असतं, ते टाकलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन फेटाळलं जातं आणि माणूस तासभर पासवर्डच बदलत बसतो. शिवाय स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल तर सर्व्हरच्या नावाची सुरुवात ‘आयमॅप’ऐवजी ‘आयमॅपप्रो’ने होते, जाणाऱ्यासाठी ‘एसएमटीपीप्रो’ने.

मेल कॉपी करणं: सगळ्यात जास्त वेळ इथे

दोन्ही खाती डाव्या पट्टीत एकाखाली एक दिसू लागली की हात शिवशिवतात. थांबा. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच पत्रावर ‘वीजबिल’ आणि ‘घर’ अशी दोन लेबलं असली, ते इनबॉक्समध्येही असलं आणि त्यावर चांदणीही असली, तर आयमॅपमधून ते चार ठिकाणी दिसतं. पाचवं ठिकाण ‘ऑल मेल’, कारण तिथे सगळंच असतं. डोळे मिटून सगळी फोल्डरं उचललीत तर नव्या खात्यात त्या एका पत्राच्या पाच खऱ्याखुऱ्या प्रती होतील आणि पाचपट जागा खातील.

मग ‘ऑल मेल’ वगळावं का? वगळावं, पण त्यात एक मेख आहे. जे मेल तुम्ही कधीतरी आर्काइव्ह केलेत आणि ज्यांना लेबल दिलं नाहीत, ते फक्त ‘ऑल मेल’मध्येच आहेत. त्यांना आधी वेगळं बाहेर काढावं लागतं, ते असं. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. सेटिंग्जमध्ये ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करा, नाहीतर एका पत्रामागे पूर्ण धागा ओढला जातो. मग शोधपट्टीत ‘has:nouserlabels -in:inbox -in:sent’ हे जसंच्या तसं टाइप करा. कोलनच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून हवं. याचा अर्थ इतकाच की लेबल नसलेले, इनबॉक्समध्ये नसलेले आणि तुम्ही न पाठवलेले मेल दाखव. वरच्या चौकटीत टिक करा, मग शोधात सापडलेली सगळीच संभाषणं निवडण्याचा दुवा येतो त्यावर क्लिक करा आणि सगळ्यांना ‘जुने सुटे’ असं एक नवं लेबल द्या. आता ‘ऑल मेल’ निर्धास्तपणे सोडून देता येतं. जीमेलच्या लेबलांच्या सेटिंगमध्ये त्याच्यासमोरची ‘शो इन आयमॅप’ची टिक काढलीत तर ते थंडरबर्डमध्ये दिसणारच नाही. ‘इम्पॉर्टंट’ आणि ‘स्टार्ड’ यांचंही तेच करा.

आणखी एक बारकावा आपल्याकडे हमखास आडवा येतो तो आर्थिक वर्षांचा. लेबलाचं नाव ‘हिशेब २०२३/२४’ असं असेल तर तिरक्या रेघेमुळे आयमॅप त्याची दोन फोल्डरं करतं, ‘हिशेब २०२३’ आणि त्याच्या पोटात ‘२४’. कॉपीआधी जीमेलमध्येच तिरकी रेघ काढून आडवी टाका.

आता कॉपी. माउसने ओढण्यापेक्षा फोल्डरमधली पत्रं निवडून (एक पत्र निवडा, मग कंट्रोल आणि ए) उजव्या क्लिकने ‘कॉपी टू’ वापरा. त्याच्याच शेजारी ‘मूव्ह टू’ असतं, ते नको. हलवताना इंटरनेट मध्येच तुटलं तर कोणतं पत्र कुठे राहिलं हे शोधत बसावं लागतं. कॉपीत काही राहिलंच तर मूळ जागेवर असतं. एका वेळी हजारभर पत्रं बरी. मोठी फोल्डरं वर्षावार तोडून पाठवा.

हे एका बैठकीत उरकायचं काम नाही. जीमेलमधून आयमॅपने दिवसाला २५०० एमबीच उतरवता येतं. मर्यादा ओलांडली की ती वाट काही तास, कधी पूर्ण दिवस बंद होते आणि थंडरबर्ड काहीतरी गोंधळात टाकणारी चूक दाखवतो. म्हणजे १० जीबीच्या मेलला चार दिवस धरायचेच. रात्री लॅपटॉप झोपू नये म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद ठेवा. ज्यांच्याकडे यापेक्षा बराच मोठा साठा आहे किंवा ऑफिसची दहा खाती आहेत त्यांनी थंडरबर्डमधून हमाली करू नये, नव्या कंपनीचं स्वतःचं स्थलांतराचं साधन वापरावं.

प्रत्येक फोल्डर झालं की दोन्हीकडे उजवा क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये पत्रांची संख्या जुळवा. मग कुठलंही जुनं, अटॅचमेंट असलेलं पत्र नव्या खात्यात, तेही ब्राउझरमधून, उघडून बघा. थंडरबर्डमध्ये दिसणं पुरेसं नाही, पत्र नव्या सर्व्हरवर पोचलंय हे तिथेच कळतं. पॉप वापरणाऱ्यांनीही हेच करायचं, त्यांची पत्रं थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मधून किंवा जुन्या पॉप खात्यातून वर चढतील एवढाच फरक.

जाणारा मेल

आलेला मेल दिसतोय म्हणून काम झालं असं नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये नव्या खात्याच्या नावावर क्लिक करा आणि खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’समोर नव्या कंपनीचंच नाव आहे ना पाहा. तिथे जीमेल राहिलं तर पत्र जाईल, पण जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा जुना पत्ता लिहील आणि लोक उत्तरं तिकडेच पाठवत राहतील. मग नवं खातं ‘सेट ॲज डीफॉल्ट’ करा, नाहीतर नवीन पत्र जुन्याच पत्त्यावरून उघडेल.

‘सेंट’मध्ये एकच पत्र दोनदा दिसायला लागलं तर घाबरू नका. काही सर्व्हर पाठवलेल्या पत्राची प्रत आपणहून ठेवतात आणि थंडरबर्डही ठेवतो. ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मधली प्रत ठेवण्याची टिक काढा.

सही नव्याने टाका. फिल्टर प्रत्येक खात्याचे वेगळे असतात आणि जुन्या फोल्डरांकडे बोट दाखवत असतात, ते नव्याने लिहिणंच बरं. थंडरबर्डच्या स्वतःच्या ॲड्रेस बुकला काही होत नाही, पण गूगलचे संपर्क किंवा कॅलेंडर जोडलेलं असेल तर ते वेगळं एक्स्पोर्ट करावं लागेल.

जुन्या पत्त्याचं काय

स्वतःचं डोमेन असेल तर तुम्ही सुटलात. पत्ता तोच राहतो, डोमेनच्या नोंदींमध्ये एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणारी नोंद) बदलायचं आणि नव्या कंपनीने दिलेल्या एसपीएफ आणि डीकिमच्या (पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या) नोंदी घालायच्या. एमएक्स बदलल्यावर काही तास थोडा मेल जुनीकडे आणि थोडा नवीकडे येतो, म्हणून शनिवारी रात्री बदला.

बाकीच्यांनी जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावा. नव्या पत्त्यावर पुष्टीचा कोड येतो, तो टाकल्यावरच ते सुरू होतं. मग बसून पत्ते बदला: बँक, आयकर पोर्टल, डिमॅट, म्युच्युअल फंड, भविष्यनिर्वाह निधी, आयआरसीटीसी, विमा. सगळं एकदम आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या पत्रांना थंडरबर्डच्या फिल्टरने रंग लावा. रंगीत पत्र दिसलं की त्या संस्थेकडे पत्ता बदलायचा राहिलाय. गाडीच्या विम्याचं स्मरणपत्र वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे एक पूर्ण वर्ष जाईपर्यंत फॉरवर्डिंग काढू नका.

थंडरबर्डमधून जुनं खातं काढायची वेळ त्यानंतरची. काढताना तो विचारतो, खात्याची माहिती तेवढी काढू की पत्रांचा डेटाही? डेटाच्या टिकला हात लावू नका, थोडी डिस्क जास्त गेली तर जाऊ दे. आणि थंडरबर्डमधून खातं काढणं म्हणजे गूगल खातं बंद करणं नव्हे. ते चालूच ठेवा, पण अधूनमधून त्यात लॉगिन करत जा: दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल हटवू शकतं, आणि मेलबरोबर तिथले फोटो आणि ड्राइव्हमधली कागदपत्रंही जातात.