अडकित्ता, मेणबत्ती आणि सादळलेली सिगार: खास दिवशी या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची गच्ची, ऑगस्टमधली संध्याकाळ, मित्राची पन्नाशी. पाऊस तासाभरापूर्वी थांबलेला, प्लास्टिकच्या खुर्च्या फडक्याने पुसून घेतलेल्या. केक कापून झाल्यावर मित्राच्या मेहुण्यांनी दोन सिगार बाहेर काढल्या. मे महिन्यात दुबईहून आणलेल्या आणि तेव्हापासून फ्रिजच्या दारात, लिंबं आणि आल्याच्या शेजारी ठेवलेल्या. कापायला काही नव्हतं, म्हणून काकूंचा अडकित्ता आला. पहिल्याच दाबाला टोक चुरगळलं आणि वरचं पान उभं तडकलं. काडेपेटी सर्द झालेली, म्हणून केकवरची मेणबत्ती पुढे आली. चार झुरके झाले असतील. तोंडात तंबाखूचा चुरा आणि मेणाची चव. "यापेक्षा विडी बरी हो," असं म्हणत मित्राने ती जास्वंदीच्या कुंडीत खुपसली.

दुसरी मी मागून घेतली. तिचं शेवटी सांगतो.

गेली काही वर्षं मी वर्षातून दोन-तीनदा सिगार ओढतो. त्यात एक गोष्ट कळली: सिगार पेटवल्यावर क्वचितच बिघडते, ती आधीच बिघडलेली असते. शिवाय इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड, कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेले असतात. "सिगार वाळू देऊ नका, ओल द्या" हे त्यांचं पालुपद. ठाण्यात जुलैमध्ये हे ऐकलंत तर आठवड्याभरात बुरशी.

आणखी एक, आधीच सांगून टाकतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा गैरसमज आहे. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग धूर छातीत न घेताही होऊ शकतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. ज्यांनी कधी ओढली नाही त्यांनी केवळ समारंभ आहे म्हणून सुरू करू नये. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर भेट म्हणून आली तरी दुसऱ्याला द्यावी.

फ्रिज, देवघर आणि पावसाळा

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर असते. म्हणजे नुसती कपाटात ठेवलेली सिगार पापडासारखी सादळते. सादळलेली सिगार पेटायला त्रास देते, ओढताना घट्ट लागते, सारखी विझते. एसी चालू असलेल्या बेडरूममध्ये ठेवलीत तर उलट: वरचं पान कागदासारखं होतं आणि बोटांनी दाबल्यावर चरचर आवाज येतो. फ्रिज तर दुहेरी पाप. तिथली हवा कोरडी, आणि तंबाखू आजूबाजूचा प्रत्येक वास ओढून घेतो. देवघराजवळ ठेवली तर कापूर-उदबत्ती, गोदरेजच्या कपाटात ठेवली तर डांबरगोळ्या.

यावर महागडी लाकडी पेटी घ्यायची गरज नाही. रबराची कडा असलेला, चांगला घट्ट बसणारा हवाबंद डबा पुरतो. त्यात ६५ टक्क्यांचं दुहेरी काम करणारं पाकीट टाका. हे ओल कमी पडली तर देतं आणि जास्त झाली तर शोषून घेतं. बोव्हेडा कंपनीची ही पाकिटं ऑनलाइन मिळतात. ६९ आणि ७२ चीही येतात, पण आपल्या हवेला मी ६५ चंच घेतो. डब्यात मसाल्याचा वास नको, म्हणून नवा घ्या. लोणच्याचा धुऊन वापरू नका, तो वास सात जन्म जात नाही.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवत असाल तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा, कारण ओल्या मिठाभोवतीची हवा तिथेच स्थिरावते. ७१ दिसला तर मापक चार कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

उन्हाळ्यात वेगळंच संकट. तंबाखूत एका किड्याची अंडी असू शकतात, आणि तापमान २४-२५ अंशांच्या वर गेलं की ती उबतात. सिगारवर टाचणीने केल्यासारखं बारीक भोक आणि डब्यात तपकिरी भुकटी दिसली तर समजा, पाहुणा आला. बाकीच्या सिगार झिपच्या दोन पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट फ्रीझरमधून गच्चीवर आणली तर पान तडकतं. फ्रिजचा सिगारशी एवढाच संबंध असावा. पांढुरका किंवा हिरवट लव आलेली सिगार मात्र सरळ फेकून द्या, पुसून ओढू नका.

भेट आली तर आनंदाआधी जरा बघा

काचेचं झाकण असलेल्या खोक्यातली कोहिबा, म्हणजे क्युबाची नावाजलेली सिगार, कोणी आणली तर ती नकली, कितीही प्रेमाने आणलेली असो. क्युबाची कंपनी तसं खोकं काढतच नाही. परदेशाहून येणाऱ्या माणसाला सामानात २५ सिगार करमाफ आणता येतात. त्यामुळे "पन्नासची पेटी आण रे" ही फर्माईश करू नये.

कापताना हात आखडता घ्या

सिगारचं जे टोक तोंडात जातं त्यावर पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते. ही टोपी सगळं पान एकत्र धरून ठेवते. कापायचं ते टोपीच्या वरच्या भागातून, जेमतेम दोन मिलिमीटर. टोपीची खालची रेघ ओलांडलीत की पान सुटायला लागतं. अडकित्ता सुपारीसाठी बरा, कारण सुपारी कडक असते. सिगारला तो आधी चिरडतो, मग कापतो. दोन पात्यांचा साधा कटर घ्या आणि एका दमात, न बिचकता दाबा. दाताने तोडणं सिनेमात शोभतं. कटर नसेल तर टोकाला मधोमध एक भोक पाडलं तरी चालतं, आणि तोंडात चुरा येत नाही.

पेटवताना

मेणबत्ती, पेट्रोलचा लायटर, गंधकाची साधी काडी पेटल्या पेटल्या: तिन्हींचा वास आत शिरतो. ब्यूटेनचा, निळ्या ज्योतीचा लायटर वापरा. लांब काडी असेल तर तिचा सुरुवातीचा भडका जाऊ द्या, मग जवळ न्या.

आणि सिगारेटसारखं ज्योतीत धरून ओढू नका. आधी शेकायची. सिगार तिरकी धरा, ज्योत पेटवायच्या टोकाला न टेकवता थोडी खाली ठेवा आणि फिरवत राहा, पापड भाजताना फिरवतो तशी. कड सगळीकडून सारखी काळपट झाली, मधे लाली दिसली की मग पहिला झुरका, तोही फिरवत. पेटलेल्या टोकावर हलकी फुंकर मारा. सगळीकडे सारखा निखारा दिसला तर जमलं. अर्धचंद्र दिसला तर उरलेल्या बाजूला पुन्हा आच द्या. वाशीला खाडीकडे तोंड असलेल्या एका बाल्कनीत मी दहा मिनिटं नुसता वाऱ्याशी भांडलो आहे. पाठ वाऱ्याकडे करायची हे उशिरा सुचलं. पंख्याखाली तर बसूच नका.

घाई आणि रिकामं पोट

मिनिटाला एक झुरका, फार तर दोन. धूर तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. भराभर ओढली की सिगार तापते आणि कडू होते. पाच इंची, मध्यम जाडीची सिगार पाऊण ते एक तास चालते. तेवढा वेळ नसेल तर पेटवू नका.

रिकाम्या पोटी ओढणाऱ्याला हमखास गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं. असं झालं तर सिगार बाजूला ठेवा, मोकळ्या हवेत बसा, साखर घातलेलं लिंबू सरबत घोट-घोट प्या. बटाटेवडे आधी, सिगार नंतर, हा क्रम पाळा.

राख सिगारेटसारखी सारखी झटकू नका. इंचभर टिकू द्या, मग रक्षापात्राच्या कडेला हलकेच टेकवा, ती आपोआप गळते. ब्रँडचा कागदी पट्टा सुरुवातीलाच ओढून काढू नका, पान फाटतं. सिगार गरम झाल्यावर त्याचा गोंद ढिला होतो, तेव्हा काढा.

मध्येच बिघडली तर

एका बाजूने जळत असेल तर मागे पडलेली बाजू खाली करून धरा, बहुतेकदा ती दोन-तीन झुरक्यांत बरोबरी करते. नाही केली तर लायटरने नुसती ती कड शेका.

ओढायला घट्ट लागत असेल तर आधी टोक केसभर अजून कापा. मग बोटांनी हलकेच दाबत फिरवा, कुठे गाठ लागते ते कळतं. पावसाळ्यात घट्टपणाचं कारण बहुधा ओलच असते. पुढच्या खेपेला सिगार आदल्या दिवशी डब्यातून काढून एसी चालू असलेल्या खोलीत तिच्या मूळ खोक्यात ठेवा.

विझली तर लाजू नका. राख पाडा, सिगारमधून एकदा बाहेर फुंका म्हणजे आतला शिळा धूर जातो, आणि पुन्हा शेकून पेटवा. तासाभरात हे जमतं. उद्यासाठी अर्धी ठेवून द्यायचा मोह टाळा. डब्यात परत टाकलीत तर बाकीच्यांनाही तो वास लागेल.

पान सुटायला लागलं तर बोटावर थोडी थुंकी घेऊन चिकटवा. किळसवाणं वाटेल, पण सिगार तुमचीच आहे.

शेवटचा एक-तृतीयांश भाग कडू होणारच, तिथे थांबा. चुरगाळून विझवू नका, त्याने घाणेरडा वास सुटतो. नुसती ठेवून द्या, आपोआप विझेल.

कुठे ओढू नये

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. हॉटेलात वेगळी धूम्रपान खोली असेल तरच. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर नाही, उपवनला नाही आणि येऊरला तर मुळीच नाही: ते राष्ट्रीय उद्यानात येतं, फेब्रुवारीनंतर तिथलं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं. सोसायटीच्या गच्चीवर ओढायची असेल तर सेक्रेटरींना विचारा. बाल्कनीतून धूर वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत जातो, हे मला एका शेजारीणबाईंनी लिफ्टमध्ये सांगितलं, फार शांतपणे.

तर ती दुसरी सिगार. ती इतकी वाळली होती की एकदम ओल दिली असती तर फुगून फुटली असती. ६५ च्या पाकिटाबरोबर डब्यात टाकली आणि विसरलो. कोजागिरीला त्याच गच्चीवर मसाला दूध झालं, सगळे पांगले, तेव्हा मित्राला दिली. या वेळी कटर होता, लायटर होता, वारा पडलेला. राख इंचभर टिकली. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मस्त आहे रे. पण याला आल्याचा वास येतोय."